डोमाचा गळा

ही २०२४ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुमसरजवळच्या एका गावात तलाव आटत आला होता आणि जाळ्यात मासोळ्या दाटीने सापडत होत्या. डोमाने नेहमीप्रमाणे एक मासोळी सोडवून दातांत धरली आणि मोकळ्या हातांनी दुसरी सोडवू लागला. त्याचा बापही तसंच करायचा. पहिलीने उडी मारली, पण बाहेर नाही, आत. काटे पसरून ती घशात रुतली आणि डोमाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

त्याच्या बायकोने, सखाबाईने, आधी सरकारी विम्याचं कार्ड घेतलं, मग नवऱ्याला. पुतण्या अनुपने ऑटो काढला.

तुमसरात पहिल्या दवाखान्यात कार्ड चालत होतं, पण फक्त हाडांसाठी. दुसऱ्यात आधी तारीख घ्यावी लागे. मासोळीनं तारीख सांगून यायचं होतं का, असं सखाबाईने विचारलं; तिथे कोणी हसलं नाही. सरकारी दवाखान्यात घशाचा डॉक्टर नव्हता. त्यांनी भंडाऱ्याची वाट दाखवली. पूर्वी भंडाऱ्यात डॉक्टरांचं दार ठोठावलं की ते जेवणावरून उठून यायचे, खरकट्या हाताने आधी नाडी बघायचे. आता दाराशी विमा योजनेचं टेबल होतं.

डॉक्टर घशात डोकावून म्हणाले, चिमट्याने निघेल. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात टेबलावरच्या रश्मीने सांगितलं, चिमटा योजनेत बसत नाही. गळा कापून काढली तर सगळं फुकट.

"म्हंजे कमी दुखलं त पैसे, अन् जास्त दुखलं त फुकट?" सखाबाई म्हणाली.

"मावशी, नियम मी नाही बनवला."

सखाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा, कापू देऊ का?"

डोमाने खिशावर हात ठेवला आणि मान डोलावली. ऑपरेशनच्या नोंदीसाठी त्याचा अंगठा घेतला, फोटो काढला, त्याला तिथेच टेबलाशेजारच्या खाटेवर आडवं केलं. मग हत्यारांचा ट्रे आला. तो पाहून डोमा असा ओरडला, की मासोळी सुटून थेट रश्मीच्या टेबलावर पडली. सखाबाईने ती पदरात बांधली. कार्डासोबत तीही घरी आली.

एक काटा मात्र आत राहिला होता. पावसाळ्यात गळा सुजला. आता खरोखरच कापावं लागणार होतं. पुन्हा तोच दवाखाना, तेच टेबल.

रश्मीने कॉम्प्युटर पाहिला. "यांचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं आहे. तेच परत मिळत नाही."

सखाबाईने नवऱ्याची हनुवटी वर केली. "पाह्य बाई, कुठं कापलं हाये?"

रश्मीने गळा पाहिला, मग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला.

शेवटी मासेमारीची होडी, आपला डोंगा, विकून डोमाने नागपुरात गळा कापून घेतला. काटा निघाला, आवाजही गेला. रश्मीची गोंदियाला बदली झाली. अनुप आता त्याच दवाखान्याची गाडी चालवतो. सखाबाई दुसऱ्यांच्या मासोळ्या बाजारात विकते. दुसऱ्यांची जाळी सोडवताना डोमा अजूनही मासोळी दातांतच धरतो, पण शेपटीकडून.

मागच्या महिन्यात योजनेचा फोन आला. सखाबाई बाजारात होती, म्हणून डोमाने उचलला. भंडाऱ्यातल्या ऑपरेशनबद्दल काही तक्रार आहे का, पलीकडच्या बाईने दोनदा विचारलं. डोमा जिवाच्या आकांताने बोलत राहिला. पलीकडे काहीच ऐकू गेलं नाही. बाईने 'तक्रार नाही' असं नोंदवलं आणि आभार मानले.