निहारचे पुसट फोटो

"सगळे जरा थांबा, फोकस करतोय!"

कौस्तुभने हे सातव्यांदा सांगितल्यावर बोरांचं भांडं धरून उभ्या असलेल्या शेजारच्या हंसाबेन वैतागल्या. "अरे भाई, मेरा हाथ दुखता है!"

पूनम सागर सोसायटीतल्या घराच्या हॉलमध्ये कौस्तुभ-क्षितिजाच्या वर्षाच्या निहारचं बोरन्हाण चाललं होतं. कौस्तुभने नव्या डिजिटल कॅमेऱ्याला वडिलांची जुनी लेन्स लावली होती. हाताने रिंग फिरवून फोकस जमेपर्यंत निहार पाटावरून रांगत पुढे आलेला असायचा.

क्षितिजाचा जीव बोरांत अडकला होता. लहान बोर घशात जाईल म्हणून तिने सगळी लिंबाएवढी निवडून आणली होती. ती निहारच्या डोक्यावर ओतली गेली, पोरांनी लुटली, आणि तेवढ्यात तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, म्हणाल्या, "अगं, मी घातलेली अंगठी कुठाय याच्या बोटातली?"

"गिळली!" क्षितिजा किंचाळली.

पाट उचलला, चुरमुरे चाळले, पोरांचे खिसे उलटे केले. अंगठी नाही.

"केला खिलाओ, सुबह तक निकल जाएगा," हंसाबेन म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोनवर एक्स-रे काढायला सांगितला. खाली रिक्षा येऊन थांबली. निहार मजेत हलव्याचा हार चाटत होता.

"फोटो दाखव आधी! अंगठी बोटात शेवटची कधी होती ते कळेल," क्षितिजाने कॅमेरा ओढून घेतला.

पहिल्या फोटोत निहार पुसट. दुसऱ्यात पुसट. सातही फोटोंत पुसट.

"एवढा हट्ट करून ही लेन्स लावलीस, आणि मुलगाच दिसत नाही!"

"थांब, सातवा मोठा करतो." कौस्तुभने बटण दाबलं. पुढे धुरकट निहार. मागचं शोकेस मात्र लख्ख. त्यात लाकडी हत्ती, आणि हत्तीच्या सोंडेत अंगठी अडकवणारा एक हात.

क्षितिजाला आठवलं. सैल होती. तोंडात घालेल म्हणून तिनेच काढली होती.

तिने शोकेस उघडलं, अंगठी मुठीत घेतली आणि निहारला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

"मिळाली, आई! शोकेसमध्ये होती," ती म्हणाली.

"तिथे कशी गेली? बघू तो फोटो."

"नको हो, निहार अजिबात नीट आला नाहीये त्यात."

मनोरमाबाईंनी चष्मा लावून कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"खरंच गं, नाही आला," त्या म्हणाल्या. "तुझ्या बांगड्या मात्र काय सुरेख आल्यात!"