महाराजांचा खांदा आणि लाकूडफोडे चाक

॥ श्रीअग्निनारायण समर्थ ॥ शके सोळाशें चौतीस, नंदननाम संवत्सरी, बर्फाळ डोंगरावरील एका राज्यात जे वर्तले ते ऐकणारांनी शेगडीजवळ सरकून स्वस्थचित्ते परिसावे.

त्या राज्यी जैतोजी महाराज राज्य करीत असतां त्यांस एकच मोठा अभिमान, जे राजवाड्याचे अवघे सरपण स्वहस्ते फोडावे. नित्य प्रातःकाळी स्वारी अंगरखा उतरवून कुऱ्हाड घेऊन उभी राहे, आणि दरबारी मंडळी शाली पांघरून भोवती जमत, आणि ओंडका दुभंगला की "वाहवा महाराज!" म्हणत, आणि मग सर्व फराळास जात. त्या साली मार्गशीर्षात देवदाराचा गाठाळ ओंडका पुढे आला आणि कुऱ्हाड गाठीत रुतली आणि महाराजांनी रागे हिसडा दिला, तो ओंडका राहिला जागी आणि खांदा निखळला. वैद्याने खांदा बसविला आणि कुऱ्हाड वर्ज्य सांगितली. चाकर सरपण फोडावयास धावले, त्यांस महाराजांनी मना केले. म्हणाले, "आमचे काम आम्हीच करू. खांदा आज उद्या बरा होईल." ऐसे म्हणता म्हणता पौष लागला आणि शेगड्या एकेक विझों लागल्या, आणि महाराजांचे तीर्थरूप आबासाहेब वृद्ध, दमेकरी, त्यांस थंडीने श्वास पुरेना.

तेव्हां राणी लाडूबाईसाहेब यांनी कोणास न पुसतां सुतार व लोहार आणविले आणि ओढ्यावर यंत्र उभे केले. ओढ्याने थोरले चाक फिरावे, चाकाने करवत चालून ओंडका कापावा, तुकडा पन्हळीतून घसरावा आणि मग लोखंडी पाचर पुढे सरून त्याच्या फोडी कराव्या, ऐसी रचना. शेगड्या पेटल्या. परंतु महाराजांची मर्जी बिघडली.

"राणीसाहेब, सरपण जर चाकाने फोडावे, तर आम्ही करावे काय?"

बाईसाहेब बोलिल्या, "आबासाहेबांपाशी बसावे. त्यांस भेटून आपणांस किती दिवस जाहले?"

महाराज तैसेच उठून आबासाहेबांचे दालनी गेले. आबासाहेब उशीला टेकून होते. म्हणाले, "जैतू, तुझी कुऱ्हाड रोज ऐकत होतो रे. थांबली की वाटे, आता येशील." महाराजांनी शेगडीत दोन फोडी सारल्या आणि म्हाताऱ्याचे पाय मांडीवर घेतले आणि फराळाची वेळ टळली तरी उठले नाहीत.

मग माघात कडाका ऐसा पडला की ओढाच गोठला आणि चाक उभे राहिले. सरपण सरत आले. सुतारांनी चाकाचे आत पाय ठेवावयास फळ्या ठोकल्या, म्हणजे माणसांनी आत चालावे आणि चाक फिरावे. परंतु आत जावे कोणी? दरबारी मंडळी आकाश पाहूं लागली.

बाईसाहेब म्हणाल्या, "महाराज, खांदा दुखावला. पाय तर धड आहेत?"

महाराज हसले आणि जोडे काढून चाकात शिरले. एकट्याने चाक जेमतेम हलले. कारभारी मोरो हरि हात चोळीत म्हणाले, "सरकार, दरबाराची वेळ जाहली."

"दरबार येथेच. या आत!"

मग कारभारी शिरले आणि सेनापती शिरले आणि राजगुरू सोवळे सावरीत शिरले आणि करवत गर्जूं लागली. चालता चालता फिर्यादी ऐकल्या. सेनापतींनी स्वपराक्रमाचे वर्णन आरंभिले, ते तीन शब्दांत धापेने आटोपले. दोघां कुणब्यांचा शेताच्या बांधाचा तंटा त्यांचे आज्यापासून चालत होता, तो कारभाऱ्यांनी "अर्धा अर्धा! पुढे!" म्हणोन निकाली काढिला. आबासाहेबांस पालखीत घालून हे पाहावयास आणिले, ते इतके हसले की वैद्य घाबरला, परंतु खोकला आला नाही.

चैत्री बर्फ वितळले आणि पाणी खळाळत आले. आता चाकातून सुटलो म्हणोन दरबाऱ्यांनी साखर वाटिली. महाराज आज्ञा करिते जाहले, "पाणी शेतांस सोडा. दरबार चाकातच भरेल."

येणेप्रमाणे त्या राज्यी सरपण मुबलक, न्याय सत्वर आणि भाषणे आखूड जाहली. आबासाहेब पुढेही पुष्कळ हिवाळे जगले, आणि लेक रोज भेटे. इति.