पिवळ्या फुलाची ओळख परेड

आमच्या कार्यालयाच्या आवारात, गुलाबाच्या वाफ्याशेजारी फरशीच्या फटीतून एक पिवळं फूल उगवलं. माळीकाका ते उपटायला वाकले, तोच खिडकीतून अधीक्षक गरजले, "थांबा! काय उपटताय?"

"तण आहे, साहेब."

"ते ठरवणारे तुम्ही कोण?"

काका एकतीस वर्षं तण उपटत होते, पण तण ओळखण्याचा लेखी अधिकार त्यांच्याकडे नव्हता. नव्या परिपत्रकानुसार ओळख पटल्याशिवाय कोणतीही वनस्पती हटवायची नव्हती. लगेच समिती बसली: अधीक्षक, झाडांतलं काहीच कळत नसल्याने निःपक्षपाती ठरलेले भांडारपाल आणि वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका.

बाईंनी भिंग लावलं. "कूळ सूर्यफुलाचं. हे एक फूल दिसतं ना, ती खरं तर शंभरेक फुलं आहेत."

अधीक्षक दचकले. "आणि नोंद एकाचीच?"

"या कुळात अशी पिवळी भावंडं पुष्कळ. मूळ दाखवा, लगेच नाव सांगते."

"मूळ पाहायचं तर उपटावं लागेल. उपटायचं तर आधी नाव हवं."

"मग बी धरेपर्यंत बसा," बाई म्हणाल्या आणि चहा न घेताच निघून गेल्या.

काकांनी हात जोडले. "साहेब, बी धरलं की आवरायचं नाही. माझे गुलाब जातील हो!"

"टिपणीत भावना बसत नाहीत, काका."

रोपाला कुंपण झालं. रोज पाणी घालायचं काम अर्थातच काकांवर आलं. बाराव्या दिवशी फुलाचा पांढरा गोंडा झाला. समिती पंचनाम्याला वाकली, भांडारपालांना शिंक आली आणि बियांच्या सगळ्या म्हाताऱ्या भुर्रकन उडाल्या. अहवालात नोंद झाली: 'पुरावा हवेत फरार.'

दोन महिन्यांत आवार पिवळंधमक झालं. वाफ्यात गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्या. अधीक्षकांना हरित आवाराचं पहिलं बक्षीस मिळालं आणि काकांना नोटीस: गुलाबांची निगा का राखली नाही?

काकांनी खुलासा तीनदा लिहून खोडला. शेवटी एवढंच लिहिलं, 'माझे हात बांधलेले होते.'

उलट टपाली शेरा आला: 'कोणी व कशाने बांधले, दोरीच्या नमुन्यासह खुलासा करावा.'

काकांनी खुरपं भांडारात जमा केलं आणि राजीनामा दिला. निरोप समारंभात अधीक्षकांनी त्यांच्या हाती पिवळ्या फुलांची कुंडी ठेवली. "या दुर्मीळ वनस्पतीचे आद्य संगोपक!" काकांचे ओठ हलले, पण माईक अधीक्षकांकडे होता.

आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. ते तण आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. शिवाय कार्यक्रमानंतर प्रत्येकाला एकेक कुंडी फुकट मिळणार होती.

तुमचीही बाजूला काढून ठेवली आहे. जाताना आठवणीने न्या.