आज गुरुवार, तोंड पूर्वेला

वानखेडेसाहेबांना नमस्कार केला की ते लगेच उलट नमस्कार करत नसत. आधी म्हणत, "गुरुवार. सात वाजून पाच मिनिटं. मयूर विहार. तुमचं तोंड पूर्वेला आहे." एवढं झालं की मगच हात जोडत.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दुधाच्या पिशव्या घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभा होतो. तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटून मी रुमालानं तोंड पुसलं.

साहेब मूळचे वर्ध्याचे. नोकरी सरकारी नकाशाखात्यात, उभा जन्म डोंगरदऱ्या मोजण्यात गेलेला. निवृत्त होऊन आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. "माणसाला आपण कुठं आहो ते ठाऊक पाहिजे जी," ते म्हणत, "बाकीचं होते मग." भाजीवाल्याला, पोस्टमनला, नवीन भाडेकरूला, सगळ्यांना ते दिशा वाटत फिरायचे.

खरं तर अशा माणसाची तेव्हा गरजच होती. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि यमुनेपल्याड कालच्या कोबीच्या शेतात आज शोरूम उभं राहत होतं. गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या. मी पुण्याहून नोएडातल्या एका टीव्हीच्या कंपनीत आलो होतो. कमरेला पेजर होता, आणि त्या पेजरमुळे जगात आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

साहेबांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांची बाल्कनीतली खुर्ची. बाल्कनीतून पश्चिमेला यमुनेचा मोकळा पट्टा दिसायचा, धुक्यात तरंगणारे बगळे दिसायचे. साहेबांची खुर्ची मात्र तिरकी, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून. "यार, हे टाकीत काय बघतात?" असं सगळी सोसायटी विचारायची.

गणपतीत मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. सोसायटी खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. कार्यक्रमानंतर साहेब माझ्याकडे आले. मी घाबरलो. ते म्हणाले, "नक्कल मस्त केली, जोशीसाहेब. पण स्टेजवर तुमचं तोंड दक्षिणेला होतं, तुम्ही उत्तरेला सांगितलं. लोक चुकीचं घरी घेऊन गेले ना."

त्याच वर्षी थंडीत मला न्यूमोनिया झाला आणि मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत जाऊन पडलो. पुढचं बरंचसं मला नंतर बायकोनं, म्हणजे सुनंदानं सांगितलं. कारण मी तिथं नव्हतोच. मी पानिपतच्या स्टेशनवर होतो.

दिल्लीतला मराठी माणूस भ्रमात गेला तर पानिपतापेक्षा दुसरीकडे कुठं जाणार? शिवाय आदल्याच महिन्यात मी तिथं ब्लँकेटं आणायला गेलो होतो. गाडी पांढऱ्या धुक्यात थांबलेली होती. सिग्नल टिक टिक वाजत होता. हिरव्या कपड्यांतले प्रवासी पाय न वाजवता हिंडत होते, आणि कुणाकुणाला तोंडच नव्हतं, नुसतेच डोळे. छताजवळून एक लांब नदी संथ वाहत होती. भीती वाटत नव्हती, नुसती घाई होती. घरी जायचं होतं आणि गाडी काही सुटत नव्हती.

या अवस्थेत मी मोठ्या डॉक्टरांना दोन कप बिनसाखरेचा चहा आणायला सांगितलं. ते आणेनात, म्हणून गाडीची साखळी ओढली. ती साखळी नव्हती, सलाईनची नळी होती. मग माझे हात बँडेजनं कॉटला बांधले गेले.

सुनंदाला दिवसातून दहा मिनिटं आत सोडत. ती डोळे पुसायची आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणायची, "हो हो, सुटेलच हं गाडी आता." मी विश्वासानं आणखी खोल पानिपतात शिरायचो. नर्सनं तिला सांगितलं होतं की छातीत सुधारणा आहे, पण डोकं असंच भरकटत राहिलं तर यांना बरं व्हायला फार वेळ लागेल. डोकं परत येईल का, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वानखेडेसाहेब भेटायला आले. काचेतून माझ्याकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यांचा चष्मा कुठाय, वहिनी?"

"घरी, कपाटात. घड्याळही तिथंच ठेवलंय. इथं हरवलं तर?"

"वहिनी, इथं माणूस हरवला आहे. चष्मा कशाला जपता?"

माझ्या चष्म्याचा नंबर असा, की तो नसला तर मला बायको आणि कपाट सारखंच दिसतं. साहेब स्कूटरवर घरी गेले आणि चष्मा, घड्याळ, भिंतीवरचं कॅलेंडर असं सगळं घेऊन आले. दाराशी तरुण डॉक्टरनं अडवलं. "अंकल, आईसीयू है, धर्मशाला नहीं."

"डॉक्टरसाहब," साहेब म्हणाले, "आपकी मशीन इनकी साँस गिनती है. बिल्कुल ठीक गिनती है. लेकिन ये हैं कहाँ, इनको कौन बताएगा? मशीन?"

डॉक्टरनं काचेतून कॉटकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "घरवाले बारी-बारी से बैठें. दिन में. हाथ धोकर. और शोर नहीं."

साहेबांनी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. ही तुमची कॉट, ही खिडकी, ही पूर्व, ही यमुना, हा मयूर विहार, आणि हे घर. खाली प्रमाणसुद्धा. तो कॉटच्या पायाकडे, मला दिसेल असा लावला. खिडकीचा पडदा उघडायला लावला. सुनंदानं माझ्या नाकावर चष्मा बसवला आणि हात हातात घेतला.

मी विचारलं, "गाडी सोनिपतला आली का?"

ती सवयीनं 'हो' म्हणणार होती. साहेबांनी 'नाही' अशी मान हलवली.

"गाडी नाही हो," ती रडत म्हणाली. "हे हॉस्पिटल आहे. तुम्हाला न्यूमोनिया झालाय. आज मंगळवार. मी सुनंदा."

मी तिच्याकडे नीट पाहिलं आणि, लाज वाटते सांगायला, म्हणालो, "साडीला इस्त्री नाही केलीस?"

ती एवढी हसली की नर्सनं दटावलं. पानिपत काही एका दिवसात सुटलं नाही. दुपारी मी परत तिकडे जायचो. पण दर वेळी कुणीतरी नाव घेऊन हाक मारायचं, वार सांगायचं, नकाशा दाखवायचं. हळूहळू सिग्नलचा मॉनिटर झाला आणि छतावरची नदी ओलीचा एक डाग झाली. हात सोडले गेले.

घरी आल्यावर एका सकाळी मी नकलेची माफी मागायला वरच्या मजल्यावर गेलो. साहेब टाकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. मी विचारलं, "चष्म्याचं तुम्हाला कसं सुचलं हो?"

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. मग म्हणाले, "आमच्या मंडळींचाही मी जपून घरी ठेवला होता."

त्यांच्या पत्नी अशाच एका आयसीयूत आठ दिवस होत्या. साहेब बाहेर बाकावर. दहा मिनिटं आत सोडत. "ती रोज विचारे, आपण वर्ध्याला आहो ना? मी म्हणे, हो, घरीच आहो. तिला बरं वाटावं म्हणून. मग ती उठून विहिरीकडं जायला बघे, आणि तिला बांधत." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "जन्मात नकाशावर एक बिंदू चुकीचा टाकला नाही, जोशीसाहेब. तिलाच तेवढं ठिकाण चुकीचं सांगितलं. नवव्या दिवशी ती गेली. मग राख वर्ध्याला नेली, घरामागं पुरून वर कडुनिंब लावला. निदान मागाहून तरी खरं व्हावं."

 मला जे येत होतं तेच मी बोललो.

"साहेब, आज रविवार. सात वाजून पाच मिनिटं. मयूर विहार. तुमच्या खुर्चीचं तोंड दक्षिणेला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, पण चूक ती चूक.

"दक्षिणेच्या नऊ अंश पूर्वेला," ते म्हणाले. "टाकीच्या मागं. सरळ रेषेत वर्धा."

आणि मग त्यांनी हात जोडले.