मादीने घाबरू नये, असा ठराव

"आवाज करायचा नाही. ती दचकली, की पिशवीतलं पिल्लू टाकून पळते. संध्याकाळचं खाणं तूच द्यायचं, न बोलता. देशील?"

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावाबाहेरचा आपला गोठा सोडताना मारायकेबाईंनी एवढंच विचारलं होतं, आणि तिथल्या मराठी मंडळातली पद्मजा 'हो' म्हणून बसली होती. गोठ्यात बेटाँगची जोडी होती. कांगारूच्या कुळातली, सशाएवढी, दिवसभर झोपणारी आणि जगातून संपत चाललेली. मादीच्या पिशवीत बोटभर पिल्लू होतं.

मराठी मंडळाने गोठा चालवायला घेतला आणि त्याचं 'संकटग्रस्त पिशवीधारी प्राणी प्रजनन केंद्र' झालं. अध्यक्ष प्रतापराव नोकरीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांनी पहिल्याच बैठकीत वार्षिक उद्दिष्ट ठरवलं : पिल्लं, नग तीन. हे मादीला कळवायची जबाबदारी मात्र कुणावरच सोपवली गेली नाही.

निधीसाठी चिटणीस चित्राने दत्तक योजना काढली. पालक आले बासष्ट, प्राणी दोन. तेव्हा प्राण्यांची रीतसर विभागणी झाली. पाय चांदी गटात, शेपूट सुवर्ण गटात, पिशवी प्लॅटिनममध्ये. रॉटरडॅमच्या सतीशने डावा कान घेतला आणि उजवा कुणाला गेला, याची बारीक चौकशी केली.

पालकांना आपापला भाग पाहायचा होता. म्हणून भव्य उद्घाटन ठरलं : दुपारी चार वाजता, ढोल-ताशांच्या गजरात.

"प्रतापराव, ढोल नकोत हो," पद्मजा हळूच म्हणाली. "पिल्लू टाकेल ती."

"वहिनी, भावना पोचल्या. ठराव घेऊन टाकू."

'उद्घाटनप्रसंगी मादीने घाबरू नये' हा ठराव एकमताने संमत झाला. त्याची प्रत पिंजऱ्यावर लावण्यात आली.

"तिला कुठे मराठी वाचता येतंय?" पद्मजाने विचारलं.

"इंग्लिशमध्येही लावू," चित्रा म्हणाली. "इकडे वाढलेल्यांना तेच बरं पडतं."

शिवाय शांतता उपसमिती नेमली. तिला दोन माइक दिले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच पद्मजाने जोडी जाड भिंतींच्या मागच्या खोलीत हलवली आणि तशी नोंद रजिस्टरात केली. रजिस्टर कुणीच वाचत नसल्यामुळे ती गोष्ट गुप्त राहिली.

ढोल वाजले. शांतता उपसमितीने माइकवरून ओरडून शांतता पुकारली. पालक सहकुटुंब रांगेने पिंजऱ्यातल्या झोपायच्या खोक्यात डोकावू लागले. आत काळोख आणि गवत. सतीश पहिला. तो बराच वेळ वाकून राहिला.

"दिसलं का काही?" मागून कुणीतरी विचारलं.

"कान हलला! माझाच!"

यानंतर काही न दिसणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. प्लॅटिनमच्या मंजूषाताईंना पिल्लू दिसलं. त्यांच्या मागच्या बाईंना दोन. रांग संपेपर्यंत पिल्लं तीन झाली होती आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर एकशे चाळीस सह्या.

संध्याकाळी लगेच सभा भरली. "उद्दिष्ट नऊ महिने आधीच पूर्ण!" प्रतापरावांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेपर्यंत पद्मजा थांबली.

"अहो, खोका रिकामा होता. मीच हलवलंय त्यांना."

मग प्रतापराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, इथे एकशे चाळीस सह्या आहेत. तुमची एकटीची नाहीये."

पुढचा ठराव सरळच होता : उद्दिष्ट साध्य झाल्याने प्रजनन थांबवावे आणि खाद्याची तरतूद पुढील उद्घाटनाकडे वळवावी. सगळे हात वर गेले. तुम्हीआम्ही तिथे असतो, तर आपला हात नक्कीच खाली राहिला असता. हवं तर तसा ठराव करून घेऊ, एकमताने.

पद्मजाने खुर्ची न वाजवता मागे सरकवली. बूट काढून हातात घेतले आणि ती मागच्या खोलीकडे निघाली. खाण्याची वेळ झाली होती.