घोंगड्यांची खुशाली

काशिरामआबा आमच्या उंद्रीत कुणाच्याही घरी गेले, की आधी घोंगडीची तब्येत विचारतात. घरात कुणी तापाने पडलेलं असलं तरी त्याची विचारपूस नंतर. "घोंगडी कशी हाये?" मग ती अंगणात आणायची. आबा ती उन्हात धरतात, चारही कोपरे हुंगतात, आणि तिचं ठीक असलं तरच पाणी घेतात.

या घोंगड्या त्यांनीच विणलेल्या आहेत. सूत गयाआजी, म्हणजे त्यांची बायको, कातायची आणि आबा मागावर बसायचे. पाच वर्षांपूर्वी गयाआजी गेली आणि माग थांबला. दुसऱ्या कुणाचं सूत आबांना पसंत पडत नाही, एवढंच गावाला माहीत होतं. तपासणी मात्र चालू राहिली. त्यासाठी ते एसटीने अमडापूरला जातात, देऊळघाटलाही जातात. देऊळघाटच्या एका घरात घोंगडीला लोकर खाणारी कसर लागलेली सापडली, तेव्हा आबांनी घरमालकालाच निंबाचा पाला आणायला पाठवलं आणि तो पाला सावलीत वाळेपर्यंत तिथेच मुक्काम केला. चार दिवस लागले. घरच्यांनी चारही दिवस पाहुणचार केला. दुसरं काय करणार?

लोकर घेतानाही त्यांचं असंच होतं. मेंढी आधी ओढ्यात धुतलेली पाहिजे, आणि कातरताना तिच्या अंगाला कात्री लागलेली चालायची नाही. "रडलेल्या मेंढीची लोकर ऊब देत नाही," असं ते म्हणतात. याला पुरावा काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मेंढीले विचार."

गिऱ्हाइकाची चौकशीही तेच करायचे. घरात उंदीर आहेत काय, ऊन कोणत्या बाजूने येतं, धुता कशाने. शहरातल्या एका साहेबांनी ड्रायक्लीनचं नाव काढलं, तर आबांनी घोंगडी घडी करून परत फळीवर ठेवली.

आता माझी चूक सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बुलडाण्याला होस्टेलवर असते. सुट्टीत घरी आले की आपण काहीतरी उपयोगी करावं असं मला फार वाटतं. आमच्या घोंगडीला धुराचा वास येत होता. मी चुलीवर पाणी कढवलं, नव्या मशीनमध्ये ओतलं, साबणाची पावडर टाकली आणि घोंगडी फिरवली. चांगली दोनदा फिरवली.

बाहेर काढली तेव्हा ती घोंगडी राहिली नव्हती. पूजेला बसायच्या आसनाएवढा जाड, कडक तुकडा हातात आला.

"आता आबाले काय दाखवशीन? डोस्कं?" आई म्हणाली.

"हरवली म्हणून सांगू?"

"मागच्या वर्षी वावरात राह्यली होती, तं आबा पोलिसात जा म्हणे."

आबा शनिवारी आले. मी मनात माफीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी तुकडा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "आबा, माझ्याच हातून झालं."

त्यांनी तो हुंगला. "गरम पानी?"

"हो."

"साबन?"

"हो."

"मशीन?"

"हाव."

"काहीच सोडलं नाही वं तू. कॉलेजात हेच शिकोतात काय?"

मी मान खाली घातली. आबा ओट्यावर बसले. आईने चहा आणून ठेवला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. तुकडा मांडीवर घेऊन ते त्याच्या कडा सरळ करत बसले. ते आता कायमचे आमच्या घरी यायचे बंद होणार, असं मला वाटून गेलं.

मग ते आईला म्हणाले, "सुनबाई, हे आता तुमच्या कामाची नाही ना?"

"नाही, आबा."

"मंग मी नेऊ काय?"

एवढ्या हळू आवाजात आबांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "नीट होईल का?"

"नाही होत. आटलेली लोकर मांगं येत नाही."

"मग काऊन नेता?"

"घरी एकबी नाही, पोरी. जे इनली ते इकली. सारं तिनं कातलेलं सूत होतं. लोकायच्या अंगावरची चांगली घोंगडी कशी मांगू? पाहून येतो, बस."

आई आत जाता जाता उंबऱ्यातच थांबली.

आबा तुकड्यावरून बोटं फिरवत होते. एका जागी अंगठा थांबला. "हे पाह्य," ते म्हणाले. मी हात लावला. आत काहीतरी खड्यासारखं टोचलं.

"गाठ हाये. हजार खेपा सांगतलं तिले, गाठ बारीक मार, अंगाले टोचते. ऐकेच ना."

चहा पार निवला होता. आईने तो उचलून आत नेला, गरम करून आणला आणि पुन्हा त्यांच्याजवळ ठेवला. आबांचा अंगठा अजून त्या गाठीवरच होता.