प्राध्यापकांची जागृतावस्था

"घोरतो? मी?" प्राध्यापकांनी चष्म्यावरून पत्नीकडे असे पाहिले, जणू तिने आधाराशिवाय विधान केले होते.

"घोरता, आणि मधेच श्वास बंद पडतो. मी हलवते, म्हणून अजून आहात."

डॉक्टर असलेल्या मुलीने वाद मिटवला. मनगटाला पट्टा, छातीला चकती. झोपेची तपासणी घरच्या घरी. "फक्त झोपताना घाला, बाबा."

"अर्धवट पुरावा मी मानत नाही. दिवसाही घालीन. मी किती जागा असतो, तेही येऊ दे नोंदीत."

सारे विद्यापीठ झोपा काढते, हे त्यांचे लाडके मत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो पट्टा बाहीखाली मिरवत, त्यांनी एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घेतली आणि शेवटी "पण यात नवीन काय?" हा ठेवणीतला प्रश्न फेकून तिचा प्रबंध परत पाठवला.

दोन दिवसांनी ती घरी आली. "सर, काय सुधारू तेवढं सांगा. पदवी लांबली तर हातातली नोकरी जाईल."

प्राध्यापक गंभीर उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोच मुलगी मोबाइल नाचवत आतून आली. "आई, बाबा सापडले! रात्रीचं राहू दे, परवाची दुपार बघ. जेवणानंतर गाढ झोप, त्यात श्वासही थांबलाय. कुठे पसरला होतात हो, बाबा?"

"मी... चिंतनात होतो."

"चिंतनात श्वास बंद पडत नाही."

विद्यार्थिनी चपलांकडे पाहत म्हणाली, "सर, नवीन काय, ते मी तेव्हाच सांगत होते. तुम्ही डोळे मिटून मान डोलावत होता. मला वाटलं, पटतंय."

"आणि बाकीचे परीक्षक गं?" पत्नीने विचारले.

"ते म्हणाले, सर खोल गेलेत, मधे बोलू नका."

"अरे देवा! मी असते तर हलवलं असतं."

प्राध्यापकांचे कान तापले. झोप हा आजार होता. त्याला क्षमा होती. पण जाग येताच आपण काहीच ऐकलेले नाही हे त्यांना स्वच्छ कळले होते, आणि ते झाकण्यासाठीच तो प्रश्न फेकला होता. हे कोणत्याही पट्ट्यात उमटले नव्हते. ते फक्त त्यांना ठाऊक होते, आणि आता, विद्यार्थिनीने मान वर केली तेव्हा, बहुधा तिलाही.

"विद्यापीठाला आजच कळवतो," ते पुटपुटले, "हरकत मागे घेतली म्हणून."

"कारण काय लिहिणार?" मुलीने विचारले.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "झोपलो होतो, असं."

मग ते विद्यार्थिनीकडे वळले. "प्रबंध आणलायस? मला पुन्हा सांग. पहिल्यापासून."

तिने पिशवीतून जाडजूड प्रबंध काढला. "सर, बसा ना."

"नको," प्राध्यापक म्हणाले, "मी उभ्यानेच ऐकतो."